किरकोळ खात्याचा इतिहास

लक्ष्मीपूजनाला आमच्या घरी दरवर्षी एक कोरी वही पुजली जाते. पुढे वर्षभर तिच्यात कोणी काही लिहीत नाही. वाईच्या बाजारपेठेतले आमचे किराणा दुकान १९६२च्या दिवाळीत बंद झाले, वहीपूजन तेवढे राहिले. दुकान का बंद झाले, याचे उत्तर घरात ठरलेले होते : थोरल्या काकांनी ते बुडवले. वडील हे वाक्य फारसे उच्चारत नसत, पण ते काकांशीही बोलत नसत.

माळ्यावरच्या ट्रंकेत त्या दुकानाच्या एकवीस वह्या होत्या. लाल कापडाच्या बांधणीच्या, लांबट, कागदाला घड्या पाडून रकाने केलेल्या. मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, पण या वह्या मला वाचता येत नव्हत्या, कारण आजोबांचा सगळा हिशेब मोडीत. निवृत्तीनंतर मोडीच्या वर्गाला जाऊन बसलो आणि दोन वर्षांनी ट्रंक खाली उतरवली.

पहिल्याच पानावर ओळखीचे शब्द भेटले : रोजकीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद. पेशवे दफ्तराच्या छापील निवडीत हेच शब्द मी विद्यार्थ्यांना समजावून सांगत आलो होतो. रोजकीर्द म्हणजे त्या दिवशी आले-गेले ते क्रमाने लिहिलेले. त्यातली प्रत्येक रक्कम आपापल्या खात्यावर नेऊन मांडली की खतावणी. त्या खात्यांचा गोषवारा म्हणजे तेरीज. राज्याचा हिशेब ठेवणाऱ्या फडणीस-मुजुमदारांची ही पद्धत आणि गूळ-हळद विकणाऱ्या दुकानदाराची पद्धत यांत आकाराचा फरक होता, जातीचा नव्हता. शिवकाळातल्या राज्यव्यवहारकोशाने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय सुचवले, तरी जमा, खर्च, बाकी, वसूल, हिशेब हे शब्द बाजारातून हलले नाहीत. रोज शंभर वेळा तोंडात येणारा शब्द हुकमाने बदलत नसतो.

वही वाचायला लिपीइतकेच गणित यावे लागते. रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे, पैशाच्या ३ पै. म्हणजे एका रुपयाच्या पोटात १९२ पै. पाव, अर्धा, पाऊण हे उभ्या रेघांनी दाखवायचे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी ही कोष्टके मुलांकडून घोकून घेत, ती का, हे ही पाने पाहिली की कळते. अडीच शेरांचे पावणेतीन आण्यांनी किती, हे गिऱ्हाईक समोर उभे असताना तोंडी सांगावे लागे. दिवेलागणीला मेळ घालायचा. मागची शिल्लक, त्यात आजची जमा, त्यातून आजचा खर्च वजा, आणि उरेल तेवढी रक्कम गल्ल्यात भरली पाहिजे. एके दिवशी दोन पैसे कमी भरले, तर आजोबांनी त्याचीही नोंद केली आहे आणि दुसऱ्या दिवशी खाली बारीक अक्षरात लिहिले आहे : ‘सापडले, सुतळी.’

जुन्या वह्यांकडे इतिहासाचे लक्ष गेले ते मुख्यतः कर्जासाठी. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर तुटून पडले, त्यांना मुख्यतः हवे होते ते कर्जरोखे आणि हिशेबाचे कागद. ते हाती लागले की जाळले. त्यानंतर आलेल्या १८७९च्या दख्खन शेतकरी कायद्याने कर्जदाराला पावती आणि हिशेबाचा उतारा मागण्याचा हक्क दिला. कोणाकडून किती येणे, हे पान सरकारने वाचले, कोर्टाने वाचले, नंतर अभ्यासकांनी वाचले. त्याच वहीतले खर्चाचे पान मात्र कोणाच्या भांडणाचा विषय झाले नाही, म्हणून कोणी उलगडले नाही. मीही आधी उधारीच शोधत होतो. काकांनी कोणाकोणाला उधार देऊन दुकान घालवले, ते मला पाहायचे होते.

पण आजोबांच्या तेरजांनी मला थांबवले. प्रत्येक महिन्याच्या शेवटी त्यांनी खर्चाची खाती एकाखाली एक मांडली आहेत : गाडीभाडे, हमाली, दिवाबत्ती, टपाल, कागद-शाई, पोती-सुतळी, घट, दुरुस्ती, पाहुणचार, वर्गणी, आणि सर्वांत शेवटी किरकोळ. शेजारी मागच्या महिन्याचा आकडा. वाढ झाली असेल तिथे तांबड्या शाईचा ठिपका आणि ठिपक्यापुढे एक-दोन शब्द. या एक-दोन शब्दांतच त्यांचा सारा कारभार आहे.

गाडीभाड्यापुढे ठिपका पडला, तेव्हा लिहिले आहे : ‘दोन खेपा कशास?’ आमचा माल रेल्वेने वाठार स्टेशनवर उतरे आणि तिथून बैलगाडीने वाईला येई. पुढच्या महिन्यात गूळ आणि तेल एकाच खेपेत आलेले दिसतात. युद्धकाळात रॉकेलची टंचाई झाली, तशी दिवाबत्तीपुढे नोंद आली, ‘दिवसाउजेडी बंद’, आणि त्या हिवाळ्यात रोजकिर्दीतला मेळ लवकर पडू लागला. घट म्हणजे सुकून, सांडून, उंदरांनी खाऊन गेलेला माल. तो पुष्कळ दुकानदार लिहीतच नाहीत, कारण त्यासाठी खिशातून पैसा जात नाही. आजोबा पोते रिकामे झाले की विक्रीशी वजन ताडून पाहत आणि तफावत खर्चात धरत. हमालीला मात्र ठिपका कधीच नाही. ती वाढली त्या महिन्यांतही नाही. पाठीवर पोते वाहणाऱ्याच्या मजुरीत काटकसर करायची नाही, असा काही नेम असावा.

धर्मादाय तर खर्चाच्या यादीतच नव्हता. गिऱ्हाइकाकडून धर्मादायापोटी घेतलेला पैसा ना दुकानाची जमा, ना दुकानाचा खर्च. त्याचे खाते निराळे. १९५०च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त कायद्याने अशा रकमांचा हिशेब व्यापाऱ्यांकडून मागितला, पण आमच्या वहीत तो १९४१ पासून वेगळाच आहे.

१९५४च्या पावसाळ्यानंतर तांबडे ठिपके संपतात. आजोबांना मोतीबिंदू झाला होता. पुढच्या वह्या बाळबोध अक्षरात आहेत आणि अक्षर थोरल्या काकांचे आहे. रोजकीर्द नेटकी, मेळही रोजचा. तेरीजही दरमहा होते, फक्त शेजारी मागच्या महिन्याचा आकडा लिहिणे बंद झाले. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. त्यातला सव्वा कुठे ठेवायचा? आण्याची वस्तू सहा पैशांना दिली, तर अशा सोळा विक्रींमागे चार पैसे जातात. काकांनी वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर ही कोष्टके स्वतः करून ठेवली आहेत. उधळ्या माणसाच्या हातची ती नव्हेत.

आणि तरीही एक आकडा फुगलेला होता. १९५३ मध्ये किरकोळ खर्च महिन्याला सहा-सात रुपये होता. १९५५च्या जून-जुलैपासून तो छत्तीस-सदतीस झाला. उन्हाळ्याच्या दोन महिन्यांत पुन्हा सहा-सात, की जूनला परत छत्तीस. असे चार वर्षे. मला वाटले, सापडले. हेच ते व्यसन, हाच तो जुगार. रोजकिर्दीत त्या तारखांना नुसते ‘किरकोळ ३०’ एवढेच होते. पण त्याच दिवशी टपाल खात्यावर काही आणे जास्त पडलेले दिसत. ट्रंकेच्या तळाशी तारेला ओवलेल्या पावत्या होत्या. त्या तारखांशी लावून पाहिल्या. त्या मनिऑर्डरच्या पोहोचपावत्या होत्या. पैसे पुण्याला गेलेले. पावतीवर घेणाऱ्याची सही माझ्या वडिलांची.

वडील १९५५ ते १९५९ पुण्यात कॉलेजात होते. शिक्षण शेताच्या खंडावर झाले, असे ते आम्हाला सांगत, आणि त्यांना तसेच सांगितले गेले असणार. दरमहा ३०, वर्षाचे दहा महिने, चार वर्षे : १२०० रुपये. त्या दुकानाच्या गल्ल्याला ही रक्कम किरकोळ नव्हती.

इतिहासाच्या शिक्षकाने इथे घाई करू नये. या १२०० रुपयांनीच दुकान बुडाले, असे वह्या सांगत नाहीत. उधारी वाढली होती, मालाचे पैसे देण्याच्या मुदती चुकू लागल्या होत्या, आजोबा १९५८ मध्ये गेले. वह्या सांगतात ते एवढेच : घराचा खर्च दुकानाच्या खर्चात मिसळला गेला आणि ज्या खात्याला नाव नव्हते, त्या खात्यात तो ठेवला गेला. ‘धाकट्याचे शिक्षण’ असे खाते काकांनी काढले असते, तर महिनाअखेरीला त्या आकड्याकडे पाहावे लागले असते, कुठून भागवायचे हे ठरवावे लागले असते. कदाचित आजोबांनाही वाचून दाखवावे लागले असते. त्यांनी खाते काढले नाही. लपवले म्हणावे, तर पावत्या जपून ठेवल्या आहेत.

जुन्या पद्धतीचे बळ आणि तिची उणीव या एकाच पानावर दिसतात. मेळ बसला म्हणजे पैसा हरवलेला नाही, एवढेच सिद्ध होते. तो कशापायी गेला आणि पुढेही जावा का, हे दर महिन्याला कोणीतरी विचारावे लागते. आजोबांचा तांबडा ठिपका तो प्रश्न विचारत होता. काकांच्या वहीत बेरीज कुठेच चुकलेली नाही, प्रश्न तेवढा राहिला.

दिवाळी ते दिवाळी हे व्यापाऱ्याचे वर्ष १९८९ पर्यंत आयकरालाही चालत असे. त्यानंतर सर्वांचे वर्ष ३१ मार्चला संपू लागले आणि पाडव्याच्या वहीला पूजेपुरता अर्थ उरला. काका १९९१ मध्ये गेले, वडील सहा वर्षांपूर्वी. दोघांनाही ती तार दाखवता आली नाही. गेल्या दिवाळीत चुलतभावाला बोलावले आणि १९५५ची वही उघडून पावत्या त्याच्यापुढे ठेवल्या. तो बराच वेळ सह्या पाहत राहिला. मग म्हणाला, “बाबा शेवटपर्यंत एवढंच म्हणायचे, हिशेब चोख आहे.”

यंदा पाटावर कोऱ्या वहीशेजारी ती वहीही ठेवणार आहे.