खिडकी एक, गाड्या अनेक : दिल्लीतील रेल्वे आरक्षण आणि प्रोग्रॅमिंगमधील एक जुना प्रश्न

नवी दिल्लीत 1985 पूर्वी रेल्वेचे आरक्षण नोंदवह्यांत होत असे. गाडीनुसार वह्या निराळ्या, म्हणून खिडक्याही निराळ्या. प्रवाशाचा बेत बदलला की त्याला रांगही बदलावी लागे. 1985 मध्ये सीएमसी या तत्कालीन सरकारी कंपनीची 'इम्प्रेस' ही संगणकीय प्रणाली नवी दिल्लीत प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाली आणि खिडकी व गाडी यांची ही जखडलेली जोडी सुटली.

पुढे मुंबई, कोलकाता, चेन्नई व सिकंदराबाद येथेही आरक्षण केंद्रे उभी राहिली. मात्र प्रत्येकाजवळ आपापल्याच गाड्यांची नोंद होती. 1986 मध्ये दिल्लीत स्थापन झालेल्या 'क्रिस' या संस्थेने 'कॉन्सर्ट' प्रणाली घडवली. ती 1994 मध्ये सिकंदराबादला सुरू झाली आणि 1999 मध्ये पाचही केंद्रे तिने जोडली गेली. दिल्लीच्या खिडकीवरील मागणी कोणत्या केंद्राकडे धाडायची, हे आता प्रवाशाने गाडी सांगितल्यावरच ठरू लागले.

प्रोग्रॅमिंगमध्ये हाच प्रश्न वेगळ्या रूपात भेटतो. ऑब्जेक्टने आपले साहाय्यक स्वतः निर्माण न करता ते बाहेरून स्वीकारावेत, या पद्धतीला 'डिपेंडन्सी इंजेक्शन' म्हणतात. मार्टिन फाउलर यांच्या 2004 मधील लेखाने हे नाव रूढ केले. रेल्वेच्या प्रणाली त्याआधीच्या. त्या या पद्धतीने लिहिल्या होत्या असे येथे म्हणायचे नाही. प्रश्नाचे स्वरूप मात्र एकच आहे.

भाड्याचे नियम, डेटाबेसची जोडणी, तिकीट छापणारा घटक हे साहाय्यक प्रोग्रॅम सुरू होतानाच ठाऊक असतात. कंटेनर ते कन्स्ट्रक्टरमधून पुरवतो. प्रवाशाचे नाव, तारीख व गाडी क्रमांक मात्र रनटाइमलाच कळतात. कंटेनर ते आणणार कोठून? येथे नवशिका एक आडवाट धरतो : सर्वांसाठी सामायिक असलेल्या ऑब्जेक्टमध्येच तो प्रवाशाचे नाव साठवतो. एकट्याने चाचणी घेताना सारे सुरळीत दिसते. दोन मागण्या एकाच क्षणी आल्या, की एकाच्या तिकिटावर दुसऱ्याचे नाव छापले जाऊ शकते.

यावर दोन सरळ मार्ग आहेत. मूल्य केवळ एका कामापुरते हवे असेल, तर ते मेथडला आर्ग्युमेंट म्हणून द्यावे. मूल्यावरून ऑब्जेक्टचीच निवड वा निर्मिती होणार असेल, तर फॅक्टरी इंजेक्ट करावी. फॅक्टरीला तिचे स्थिर साहाय्यक कंटेनरकडून मिळतात. गाडी क्रमांक हाती येताच ती योग्य केंद्राशी बोलणारा ऑब्जेक्ट देते.

म्हणून कन्स्ट्रक्टर लिहिण्यापूर्वी प्रत्येक मूल्याविषयी विद्यार्थ्याने एकच प्रश्न विचारावा : हे केव्हा कळणार? खिडकी उघडतानाच, की प्रवासी खिडकीशी आल्यावर?