मशीन लावली म्हणजे संपलं का? घरच्या व्हेंटिलेटरची शंभर वर्षांची गोष्ट

"डॉक्टर साहेब, मशीन लावायची म्हणजे आता आईचं काही खरं नाही का?"

कळंब तालुक्यातल्या एका गावातून आलेला मुलगा ओपीडीत हळू आवाजात विचारत होता. आई बाहेर बाकड्यावर बसली होती. वय पासष्टच्या आसपास, सगळा जन्म चुलीपुढे गेलेला. वर्षभरात तिसऱ्यांदा दम लागून ॲडमिट व्हावं लागलं होतं. सकाळी उठल्यावर डोकं जड, दिवसा बसल्या जागी डुलक्या, पायांवर सूज. रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा आकडा साधारण ३५ ते ४५ असावा लागतो, त्यांचा ६२ होता. रात्री झोपताना मास्कचं व्हेंटिलेटर, म्हणजे बायपॅप, लावा असं मी सुचवलं होतं.

मुलाच्या भीतीचं कारण त्यानंच सांगितलं. "कोरोनात आमच्या गल्लीत ज्यांना ज्यांना मशीन लागली, त्यातलं एकबी माघारी आलं नाही."

ही भीती अडाणीपणाची नाही. डोळ्यांनी पाहिलेलं माणूस विसरत नाही. पण व्हेंटिलेटर या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी आहेत: एक अतिदक्षता विभागातली आणि एक घरातली. त्या वेगळ्या कशा झाल्या, हे समजायला जवळजवळ शंभर वर्षं मागे जावं लागेल.

लोखंडी पेटी

ऑक्टोबर १९२८. अमेरिकेतल्या बोस्टन शहरात मुलांच्या रुग्णालयात आठ वर्षांची एक मुलगी पोलिओनं गुदमरत होती. तिला एका मोठ्या धातूच्या पेटीत झोपवलं, डोकं तेवढं बाहेर. पेटीतली हवा पंपानं ओढून घेतली की छाती फुगायची आणि नाकातोंडातून हवा आत जायची. पेटीत हवा परत सोडली की छाती खाली बसायची. हार्वर्डच्या फिलिप ड्रिंकर आणि लुई शॉ यांनी बनवलेल्या या यंत्राला पुढे 'लोखंडी फुफ्फुस' असं नाव पडलं. मुलगी काही मिनिटांत सावरली. काही दिवसांनी ती न्यूमोनियानं गेली, पण थकलेल्या स्नायूंचं काम यंत्र करू शकतं हे जगाला दिसलं.

आपला जिल्हा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि गावागावांत रात्री कंदील लागायचे. अशा ठिकाणी विजेवर चालणारं श्वासाचं यंत्र ही कल्पनाही कुणी केली नसेल. अमेरिकेतसुद्धा वीज जायचीच. म्हणून १९३१ मध्ये जॉन एमर्सन यांनी जी स्वस्त पेटी बनवली, तिला वीज गेल्यावर हातानं चालवायची सोय ठेवली होती.

कोपनहेगनचे हात

१९५२ मध्ये डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरात पोलिओची मोठी साथ आली. तिथल्या ब्लेगडॅम रुग्णालयाकडे मोठी लोखंडी पेटी एकच होती. पहिल्या तीन आठवड्यांत श्वासाचे स्नायू किंवा गिळण्याची शक्ती गेलेल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले.

तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञांनी वेगळा मार्ग काढला. विवी नावाच्या १२ वर्षांच्या मुलीच्या गळ्याला छेद देऊन त्यांनी नळी घातली आणि रबरी फुगा हातानं दाबून हवा थेट फुफ्फुसांत ढकलली. मुलगी वाचली. पण एवढ्या रुग्णांचे फुगे दाबायचे कुणी? त्यासाठी सुमारे १५०० वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून रुग्णांच्या उशाशी बसले. एका वेळी ७० जणांचा श्वास असा हातांवर चालला होता. मृत्यूचं प्रमाण काही महिन्यांत निम्म्याहून खाली आलं.

आजच्या अतिदक्षता विभागाची सुरुवात इथली मानली जाते. विद्यार्थ्यांच्या हातांची जागा पुढे यंत्रानं घेतली. महाराष्ट्रात मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. फारुख उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धनुर्वाताच्या रुग्णांवर असे उपचार केले आणि १५० रुग्णांचा अनुभव १९८७ मध्ये प्रसिद्ध केला. शेतात खिळा लागला, जखम चिघळली आणि दातखीळ बसली, की पूर्वी आशा सोडायची वेळ यायची. अशा आजारातही व्हेंटिलेटरच्या आधारानं माणसं वाचू लागली.

आपल्या मनातला व्हेंटिलेटर हा असा आहे: घशात नळी, रुग्ण गुंगीत, दाराबाहेर नातेवाईक. कोरोनात अनेकांना तो तेव्हा लागला, जेव्हा फुफ्फुसं आजारानं भरून गेली होती. यंत्र हवा ढकलत होतं, पण ती घ्यायला फुफ्फुसात जागाच उरली नव्हती. माणसं आजारानं गेली, नाव मशीनचं झालं.

फक्त रात्रीपुरता आधार

दुसरी गोष्ट पोलिओतून वाचलेल्या माणसांची आहे. १९५९ मध्ये अमेरिकेत सुमारे १२०० माणसं लोखंडी पेटी वापरत होती. त्यांतले कित्येक पेटीसकट घरी राहत होते. डलासचे पॉल अलेक्झांडर यांना १९५२ मध्ये, सहा वर्षांचे असताना, पोलिओ झाला. बेडकासारखी हवा गिळून श्वास घ्यायला ते शिकले आणि त्यामुळे दिवसाचे काही तास पेटीबाहेर राहू लागले. झोपायला मात्र परत पेटीत. असं करत ते शिकले आणि वकील झाले. मार्च २०२४ मध्ये ७८ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

झोपायला पेटी का लागायची? जागेपणी श्वास कमी पडला तर आपण जोर लावतो, मानेचे आणि खांद्याचे स्नायू मदतीला येतात. झोपेत हे मदतनीस सैल पडतात. विशेषतः स्वप्नं पडतात त्या झोपेत सगळा भार छाती आणि पोट यांच्यामधल्या एकट्या पडद्यावर, श्वासपटलावर, येतो. तो कमजोर किंवा थकलेला असेल तर श्वास उथळ होतो आणि कार्बन डायऑक्साइड साचतो. म्हणून सकाळी डोकं दुखतं आणि दिवसा झोप येते. रात्री यंत्रानं भार उचलला तर स्नायूंना विसावा मिळतो, आणि दिवसाचा श्वासही सुधारतो. दिवसभर औत ओढलेल्या बैलाला रात्री दावणीला विसावा मिळाला तरच तो सकाळी चालतो, तसंच हे.

नाकावरचा मास्क

पण पेटी घरोघरी नेणं शक्य नव्हतं आणि गळ्याला छेद कुणाला नको असतो. यातून वाट निघाली ती ऑस्ट्रेलियातल्या सिडनीत. झोपेत घसा बंद होऊन श्वास अडकणाऱ्या रुग्णांसाठी डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी व्हॅक्युम क्लीनरची मोटर उलटी वापरून नाकावरच्या मास्कमधून हवेचा दाब दिला. जून १९८० मध्ये पहिल्या रुग्णावर प्रयोग झाला आणि १९८१ मध्ये पाच रुग्णांचा अनुभव 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. हेच आजचं सीपॅप.

काही वर्षांतच लक्षात आलं, की अशाच मास्कमधून श्वास घेताना जास्त आणि सोडताना कमी दाब दिला, तर कमजोर स्नायूंचं कामही होतं. १९८७ च्या सुमारास स्नायूंच्या आजाराच्या रुग्णांवरचे अनुभव प्रसिद्ध होऊ लागले. दोन दाबांचं यंत्र म्हणून बायपॅप. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल इथे डुशेन या स्नायूंच्या आजाराच्या मुलांचा हिशेब मांडला गेला. १९६० च्या दशकात ही मुलं सरासरी १४.४ वर्षं जगत. १९९० नंतर ज्यांना रात्रीचं व्हेंटिलेटर मिळालं, त्यांची सरासरी २५.३ वर्षं झाली. यंत्र आजार बरा करत नाही, पण त्यानं या मुलांना अकरा वर्षं दिली.

चुलीचा धूर आणि आपली मावशी

ओपीडीतल्या मावशींना पोलिओ नाही. त्यांना सीओपीडी आहे, श्वासनळ्या आकसण्याचा जुनाट आजार. हा विडी-सिगारेटवाल्यांचाच आजार असं आम्ही डॉक्टरही पूर्वी धरून चालायचो. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं, की कधीही विडी न ओढलेल्यांनाही तो मोठ्या प्रमाणावर होतो आणि चुलीचा धूर हे त्याचं मोठं कारण आहे. तुराट्या, गोवऱ्या आणि ओलं सरपण फुंकत चाळीस वर्षं भाकरी भाजल्या, त्याची ही किंमत.

अशा रुग्णांना नुसता ऑक्सिजन वाढवून देणं पुरत नाही, उलट त्यामुळे कार्बन डायऑक्साइड आणखी चढू शकतो. ज्यांचा हा आकडा सतत वाढलेला राहतो, त्यांना रात्रीच्या व्हेंटिलेटरनं फायदा होतो का? जर्मनीतल्या २०१४ च्या अभ्यासात १९५ रुग्ण होते. वर्षभरात नेहमीच्या उपचारांवरच्या ३३ टक्के रुग्णांचा मृत्यू झाला, तर यंत्र वापरणाऱ्यांत हे प्रमाण १२ टक्के होतं. इंग्लंडमधल्या २०१७ च्या अभ्यासात घरचा ऑक्सिजन आणि यंत्र दोन्ही दिलेल्यांना पुन्हा ॲडमिट होण्याची वेळ बरीच उशिरा आली.

आपल्याकडे काय सांभाळायचं

यंत्र घेण्याआधी रक्तवायूंची तपासणी झालीच पाहिजे. दाब डॉक्टर ठरवतात. शेजाऱ्याच्या मशीनचे आकडे आपल्याला चालत नाहीत. मास्क मापाचा हवा. फार आवळला तर नाकावर जखम होते, सैल राहिला तर हवा डोळ्यांत जाते. मास्क रोज पुसावा, फिल्टर वेळच्या वेळी बदलावा.

आणि वीज. दहा-दहा तासांचं भारनियमन आपण पाहिलं आहे. आता परिस्थिती सुधारली असली तरी पावसाळ्यात रात्री लाईट जातेच. घरचा चांगला इन्व्हर्टर बहुतेक बायपॅप रात्रभर चालवतो. वीज गेली आणि मशीन बंद पडली तर आधी मास्क काढा. मावशींसारख्या रुग्णाची एखादी रात्र यंत्राशिवाय निभावते. स्नायूंच्या आजारात जे पूर्ण यंत्रावर अवलंबून असतात, त्यांच्या घरी मात्र बॅटरी आणि हातानं दाबायची अँबू बॅग हवीच. ती वापरायला घरातल्या दोघांनी तरी शिकावं. ही आपोआप फुगणारी पिशवी १९५६ मध्ये डेन्मार्कमध्येच तयार झाली. यंत्र थांबलं, तर कोपनहेगनच्या विद्यार्थ्यांचं काम आजही घरच्यांच्या हातांनाच करावं लागतं.

मावशींच्या घरी मशीन आली, त्या दिवशी गल्लीतल्या बायका एकेक करून भेटून गेल्या, शेवटचं भेटतात तशा. पहिला आठवडा मावशींनी मास्क काढून फेकला. मग दिवसा, जागेपणी अर्धा अर्धा तास लावायची सवय केली आणि हळूहळू रात्रही जमली. तीन महिन्यांनी आकडा ५१ वर आला होता. डोकं दुखतं का, असं मी विचारलं.

"डोकं नाही दुखत. पर आता रोज सपान पडतंय बघा," मावशी म्हणाल्या. त्या उन्हाळ्यात, भेटून गेलेल्या बायकांपैकीच एकीच्या घरी त्या पापड लाटायला चालत गेल्या.