मोटेने विहीर बाटली नाही, माणसाने कशी बाटली?

चामड्याची जुनी हँडबॅग घरी जपण्याचे धडे आज ‘व्हिंटेज’ नावाने मिळतात. किंचित ओल्या फडक्याने पुसा, सावलीत वाळवा, तेलाचा पातळ हात द्या. पण ते कातडे इतकी वर्षे कुजले का नाही, हे कोण सांगणार?

आपल्याकडे मेलेले जनावर महारांनी ओढायचे, कातडे ढोरांनी कमवायचे, वस्तू चांभारांनी शिवायची. चुन्यात भिजवून केस काढायचे, मग त्या कातड्याचीच पिशवी शिवून टांगायची आणि आत बाभळीची साल, हिरडा, पाणी भरायचे. त्यातला तुरट अंश कातड्याच्या तंतूंत मुरतो, म्हणून ते टिकते. हे रसायनशास्त्रच होते.

त्याच कातड्याची मोट गावच्या विहिरीत बुडत होती. विहीर बाटली नाही. कमावणाऱ्याने हात लावला की बाटायची!

मार्च १९२७ च्या महाड परिषदेने ठरावच केला की, सवर्णांनी आपली मेलेली जनावरे स्वतः पुरावीत. तेव्हा शिंगे, खूर, हाडे यांच्या नफ्याचे हिशेब मांडले गेले. नफा आहे तर तुम्हीच ओढा, असे बाबासाहेबांनी सुनावले. १९५६ च्या नागपूरच्या भाषणातही त्यांनी हे सांगितले.

म्हणून आमची भूमिका स्पष्ट आहे. कमावण्याच्या विद्येचे श्रेय कमावणाऱ्यांनाच मिळाले पाहिजे, पण परंपरेच्या गौरवाखाली तो धंदा कुणाच्याही गळ्यात जन्माने पडता कामा नये. बॅग जरूर जपा. तिचा इतिहास पुसू नका.

जय भीम!