भूकंप, शाळा आणि इंजिनियरांचा संघ

संघ म्हटला की आपल्यासमोर दूध संघ येतो, खरेदी-विक्री संघ येतो, नाहीतर शिक्षकांचा संघ येतो. एका धंद्यातली माणसे एकत्र जमतात ती बहुधा भाव, पगार आणि हक्क यांसाठी, आणि त्यात गैर काही नाही. आज ज्या संघाची हकीकत सांगावयाची आहे तो अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील कॅलिफोर्निया राज्यातला, स्ट्रक्चरल इंजिनियरांचा संघ आहे. घर कसे दिसावे हे आर्किटेक्ट ठरवतो. ते उभे कसे राहील, कोणत्या तुळईत किती सळई पडेल, याचे गणित हा इंजिनियर मांडतो. या मंडळींनी एकत्र येऊन जे काम केले त्याचा आपल्या गावच्या शाळेशीही संबंध पोहोचतो.

आधी भूकंपात घर का पडते ते पाहू. आपल्याकडे धान्याच्या मडक्यांची उतरंड रचतात. वरचा भार खालच्या मडक्यावर, त्याचा त्याच्या खालच्यावर, असा सरळ जमिनीत उतरतो. वर्षानुवर्षे ती उतरंड हलत नाही. पण कोणी बाजूने धक्का दिला की सारी कोसळते. साधी वीट-दगडाची भिंत अशीच असते. भूकंपात जमीन डावी-उजवीकडे हिसके देते, आणि घर जितके जड तितका तो आडवा जोर अधिक. भिंत भिंतीला आणि छप्पर भिंतीला नीट बांधलेले नसेल, तर जो तो भाग आपापल्या दिशेने सुटतो.

कॅलिफोर्निया ही भूकंपाची भूमी. १८ एप्रिल १९०६ रोजी पहाटे सॅन फ्रान्सिस्को शहर हादरले, आणि मागोमाग लागलेल्या आगीत ते बहुतेक जळून गेले. लोक म्हणू लागले, शहर आगीने गेले. भूकंपाचे नाव फारसे कोणी काढीना. भूकंपाचे गाव म्हटले की व्यापार बसतो, ही त्यामागची भीती. पुढे २९ जून १९२५ रोजी सांता बार्बारा शहरात पुन्हा तोच प्रकार झाला. त्यानंतर १९२७ साली बांधकामाच्या एका नियमावलीत भूकंपाच्या आडव्या जोराचा हिशेब घालण्यात आला. पण तो पुरवणी म्हणून. ज्या शहराला वाटेल त्याने पाळावा, न वाटेल त्याने सोडून द्यावा!

याच सुमारास इंजिनियर एकत्र येऊ लागले. १९२९ साली दक्षिण कॅलिफोर्नियात त्यांचा संघ झाला, १९३० साली उत्तरेत दुसरा झाला, आणि १९३२ साली साऱ्या राज्याचा मिळून एक संघ उभा राहिला. भिंत कशी बांधावी हे सांगणारे लोक आता एका जागी जमले होते. पण त्यांचे ऐकलेच पाहिजे अशी सक्ती कोणावर नव्हती.

ती सक्ती कशी आली पाहा. १० मार्च १९३३, शुक्रवार. संध्याकाळी ५ वाजून ५४ मिनिटांनी लाँग बीच शहराच्या परिसरात भूकंप झाला. सुमारे १२० माणसे दगावली. पाहणी करणारे शाळांपाशी आले तेव्हा त्यांच्या अंगावर काटा आला. सुमारे ७० शाळा जमीनदोस्त झाल्या होत्या आणि १२० शाळांची मोठी मोडतोड झाली होती. विटांच्या भिंतींत सळई नव्हती, चुना निकस होता, छप्पर भिंतीला बांधलेले नव्हते. शाळा सुटून काही तास झाले होते म्हणून मुले घरी होती. हाच धक्का दुपारी बसता तर काय झाले असते, हे सांगायला इंजिनियर लागत नव्हता. प्रत्येक आईबापाला ते कळले.

बरोबर एका महिन्यात, १० एप्रिल १९३३ रोजी, कायदा झाला. तो मांडणाऱ्या सभासदाच्या नावावरून त्याला फील्ड कायदा म्हणतात. शिक्षक बंधुभगिनींनी या कायद्याची रचना मुद्दाम ध्यानात घ्यावी. सरकारी शाळेचा नकाशा जाणत्या माणसाने करावयाचा. तो सरकारच्या स्वतंत्र खात्याने तपासावयाचा. बांधकाम चालू असताना एक तपासनीस जागेवर हजर राहावयाचा, आणि तो ठेकेदाराचा माणूस असता कामा नये. शेवटी आर्किटेक्ट, इंजिनियर, तपासनीस आणि ठेकेदार या प्रत्येकाने, काम नकाशाबरहुकूम झाले असे शपथेवर लिहून द्यावयाचे. नकाशा कागदावर कितीही चांगला असला तरी भिंत उभी राहते ती गवंड्याच्या हातून. सळई खरोखर पडली की नाही हे भिंत बंद होण्यापूर्वीच पाहावे लागते. गिलावा झाल्यावर कोण पाहणार?

या कायद्याची परीक्षा १९५२ च्या जुलैत केर्न परगण्यातल्या मोठ्या भूकंपाने घेतली. जुन्या शाळांची वाताहत झाली. नव्या कायद्याखाली बांधलेल्या शाळांनी फार कमी नुकसान सोसले. त्यानंतरचे अनेक भूकंप झाले तरी, फील्ड कायद्याप्रमाणे बांधलेली शाळा कोसळून विद्यार्थी दगावल्याची नोंद नाही. जुन्या शाळांचा प्रश्न मात्र लगेच सुटला नाही. १९३३ पूर्वीच्या कित्येक इमारतींत १९७० च्या दशकापर्यंत वर्ग भरत होते. नवे चांगले बांधणे सोपे, जुने मोडून पुन्हा बांधणे पैशाच्या अभावी रखडते, हा अनुभव तिकडचाही आहे.

शाळांचे झाले, पण घरे, दुकाने, कचेऱ्या? गावोगाव नियम निरनिराळे होते. तेव्हा राज्य संघाच्या भूकंप समितीने कंबर कसली. सभासद आपापली नोकरी-धंदा सांभाळून, विनावेतन बसत. वाद घालून, हिशेब पडताळून त्यांनी १९५९ साली एक पुस्तिका काढली. तिचे वेष्टन निळे, म्हणून ती ‘निळे पुस्तक’ या नावाने ओळखली जाऊ लागली. तिच्यातला हिशेब तीन गोष्टींवर होता: इमारतीचे वजन किती, ती डोलते किती वेळात, आणि तिचा सांगाडा कोणत्या जातीचा. पुढे तिच्या टिपणात हेतू साध्या शब्दांत दिला आहे. लहान धक्क्यात इमारतीला काही होऊ नये. मध्यम धक्क्यात तडे जावेत पण सांगाडा शाबूत राहावा. मोठ्या धक्क्यात मोडतोड झाली तरी ती माणसांवर कोसळू नये. नुकसान अजिबात होणार नाही असे त्यांनी कोणालाही सांगितले नाही.

पुस्तक लिहून ते थांबले असते तर हकीकत इथेच संपली असती. ९ फेब्रुवारी १९७१ रोजी सॅन फर्नांडो भागात नवी कोरी इस्पितळेसुद्धा मोडली. तेव्हा संघाने पुढाकार घेऊन १९७३ साली संशोधनासाठी वेगळी संस्था काढली. भूकंपानंतर इमारतींवर हिरवी, पिवळी, तांबडी चिठ्ठी लावून कोठे जावे, कोठे जाऊ नये हे सांगण्याची पद्धत याच संस्थेने १९८९ साली छापून दिली. १७ जानेवारी १९९४ च्या नॉर्थरिज भूकंपात पोलादी इमारतींच्या जोडांना तडे गेले. त्या जोडांवर साऱ्यांचा भरवसा होता. संघ आणि इतर संस्थांनी मिळून ते जोड प्रयोगशाळेत मोडून पाहिले आणि नियम बदलले.

आता आपल्याकडे वळू. आपला भूकंपविषयक राष्ट्रीय नियम १९६२ साली निघाला. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनेने आपल्याला जागे केले. दख्खनचा दगड हलत नाही ही समजूत तेव्हाच ढासळायला हवी होती. पण ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेशविसर्जनाच्या दुसऱ्या पहाटे, किल्लारी आणि आसपासची गावे झोपेतच गाडली गेली. हजारो माणसे गेली. नकाशावर तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. तो पट्टाच पुढे २००२ साली काढून टाकण्यात आला. माणसे मेली ती मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींखाली आणि वरच्या माळवदाच्या ओझ्याखाली. भिंतीच्या दोन्ही अंगांना जोडणारे आरपार लांब दगड, कोपरे सांधणारी बांधणी, दारे-खिडक्यांवरून साऱ्या घराभोवती फिरणारा सळईचा पट्टा, एवढ्या गोष्टींनी पुष्कळ घरे तगली असती. हे ज्ञान १९९३ पूर्वीही होते. ते किल्लारीच्या गवंड्यापर्यंत पोहोचले नव्हते.

म्हणून त्या परदेशी संघाची हकीकत आपल्या कामाची आहे. त्यांना ज्ञान होते, तरी १९३३ साली शाळा पडल्या. ज्ञानाला कायद्याचे बळ आणि जागेवर हजर असणारा डोळा मिळाला, तेव्हा शाळा उभ्या राहिल्या. आपल्या गावात नवी खोली बांधली जाईल तेव्हा ग्रामपंचायतीने आणि गुरुजींनी दोन गोष्टी विचारल्या तरी खूप झाले: पट्ट्याची सळई कोपऱ्यातून वळवून पुढे नेली आहे का, आणि काँक्रीट ओतण्याआधी ती कोणी पाहिली? हे विचारण्यास कोणतीही पदवी लागत नाही.