कामा इस्पितळाच्या डॉ. जेरुशा झिराड

आनंदीबाई जोशी आणि रखमाबाई यांची नावे आपल्या मुलींना पाठ असतात, व असावीतच. परंतु आनंदीबाई १८८६ साली पदवी घेऊन परतल्या त्या आजारी होऊनच. इथे रुग्णसेवा त्यांच्या हातून घडलीच नाही. रखमाबाईंनी सुरत-राजकोटकडे आयुष्य वेचले. मुंबईच्या मोठ्या इस्पितळाचा कारभार वर्षानुवर्षे वाहिला तो डॉ. जेरुशा झिराड यांनी, आणि त्यांचे नाव मात्र आपल्यात फारसे कोणी घेत नाही, याची मला खंत वाटते.

त्या बेने इस्रायल समाजातल्या. हे लोक मूळचे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातले, मराठी बोलणारे. पूर्वी तेलाचे घाणे चालवीत व शनिवार पाळीत, म्हणून 'शनवार तेली' म्हणवले जात. अलिबागजवळच्या झिराड गावावरून हे आडनाव पडले. जेरुशाबाईंचा जन्म १८९० चा, शिमोग्याचा; शाळा पुण्यात. बहीण कामा इस्पितळात मोठ्या दुखण्यातून उठली, तेव्हाच या मुलीने ठरवले की आपणही डॉक्टर व्हायचे, तेही याच इस्पितळात!

कामा १८८६ साली पेस्तनजी कामा यांच्या देणगीतून उघडले. परपुरुषाकडून तपासून घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या बायका तेव्हा घरोघर होत्या. म्हणून इथे डॉक्टरही बायकाच. पण प्रमुखपदी विलायतेहून आलेल्या बाया. ग्रँट मेडिकल कॉलेजातून १९१२ साली पदवी घेतलेल्या झिराडबाईंना हे उमगले. टाटांचे कर्ज काढून त्या लंडनला गेल्या. महायुद्धाच्या धामधुमीतही शिकत राहिल्या आणि १९१९ साली प्रसूतिशास्त्रातली एम. डी. मिळवली. १९२८ साली कामाची सूत्रे हाती आली ती १९४७ पर्यंत.

या एकोणीस वर्षांत रुग्णांची देखभाल, नव्या डॉक्टरणींना शिकवणे, परिचारिका व सुइणींची तयारी, सारे चालू होतेच. मला त्याहून मोठे वाटते ते निराळेच काम. बाळंतीण दगावली की घरचे 'नशीब' म्हणून गप्प बसत. झिराडबाईंनी मुंबई शहरातल्या बाळंतिणींच्या मृत्यूंच्या कारणांची चौकशी केली व तिचा अहवाल १९४१ साली प्रसिद्ध झाला. अशा चौकशीत एकेका मृत्यूचा माग काढावा लागतो: मदत केव्हा मागितली, रक्त आधीच कमी होते काय, हात कोणाचे लागले. बाळंतज्वर, रक्तक्षय, झटके, यांतले पुष्कळसे वेळीच टाळता येते. गरोदरपणी तपासणीस जाण्याची जी चाल आज घरोघर रुळली आहे, तिच्यामागे असल्या किचकट कष्टांचे पाठबळ आहे. इस्पितळात आलेल्या बाईला बरे करणे हे डॉक्टरचे कामच. न आलेली का मेली हे विचारायला वेगळी छाती लागते.

सरकारने त्यांना १९६६ साली पद्मश्री दिली. आपल्या मंडळाच्या दृष्टीने एक गोष्ट सांगितलीच पाहिजे: विलायतेस जाण्यापूर्वी, १९१३ साली, त्यांनी आपल्या समाजातल्या बायकांसाठी मुंबईत एक संस्था काढली होती. तिचे नाव 'स्त्री मंडळ'.