शून्याच्या खालचा सामू

सामूची पट्टी ० ते १४ अशी असते, असे आम्ही शाळेत शिकलो आणि बहुधा तुम्हीही तसेच शिकवता. पण व्याख्या आठवून पाहा. हायड्रोजन आयनांची परिणामकारक संहती लिटरला १ मोल असेल तर सामू ०, १० मोल असेल तर उणे १. म्हणजे पट्टी शून्यावर संपलीच पाहिजे असे व्याख्या कुठेच म्हणत नाही.

अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचे नॉर्डस्ट्रॉम आणि आल्पर्स यांनी १९९०-९१ मध्ये उत्तर कॅलिफोर्नियातील आयर्न माउंटन या बंद खाणीत उतरून पाण्याचे नमुने घेतले. त्यांतील एकाचा सामू भरला उणे ३.६! अशा पाण्याच्या एका लिटरमध्ये सुमारे २०० ग्रॅमपर्यंत धातू विरघळलेले होते.

हे आम्ल आले कोठून? या डोंगरात १८६० च्या दशकापासून १९६३ पर्यंत लोखंड, चांदी, सोने, तांबे, जस्त आणि पायराइट यांसाठी खोदकाम झाले. पायराइट म्हणजे लोह आणि गंधक यांचे संयुग. जमिनीत गाडलेले असते तोवर ते निरुपद्रवी असते. बोगदे खणले, डोंगराला भेगा पडल्या, आत हवा आणि पावसाचे पाणी शिरले आणि पायराइटचे ऑक्सिडीकरण सुरू झाले. त्यातून गंधकाम्ल आणि उष्णता निर्माण होते. हे काम जिवाणू कितीतरी वेगाने करतात, हे कोल्मर आणि हिंकल यांनी १९४७ साली दुसऱ्या खाणींच्या पाण्यावरून दाखवले होते. तयार झालेले आम्ल मग खडकातील तांबे, जस्त आणि कॅडमियम विरघळवून बाहेर आणते.

हे पाणी ओढ्यांतून सॅक्रामेंटो नदीत जाई. दिवसाला सरासरी सुमारे एक टन विषारी धातू नदीत पडत आणि सामन मासे मरत. १९६३ साली ओढ्यावर बंधारा बांधला गेला. विषारी पाणी अडवायचे आणि शास्ता धरणातून भरपूर पाणी सुटेल तेव्हा त्यात थोडे थोडे सोडायचे, अशी योजना होती. जोराच्या पावसाळ्यात मात्र बंधारा भरून वाहू लागे.

मग एक सोपा उपाय पुढे आला: खाणीच्या तोंडालाच बूच मारायचे! आत पाणी भरेल, हवा बंद होईल, ऑक्सिडीकरण थांबेल. तर्क चुकीचा नव्हता, पण अपुरा होता. बोगद्यांच्या भिंतींवर लोहाच्या सल्फेट क्षारांचे थर जमले होते. आम्ल आणि धातू त्यांत जणू साठवून ठेवलेले होते. पाणी भरताच ते विरघळले असते. नॉर्डस्ट्रॉम आणि आल्पर्स यांनी हिशेब मांडला: भेगाळलेल्या डोंगराच्या पोटात सुमारे ६० कोटी लिटर पाणी साठेल आणि त्याचा सामू १ किंवा त्याहूनही कमी असेल. ते कोठून फुटून बाहेर येईल, हे कोण सांगणार?

म्हणून पाणी आत कोंडण्याऐवजी बाहेर येऊ देऊन शुद्ध करायचे ठरले. १९९४ साली चुन्याचे शुद्धीकरण केंद्र सुरू झाले. चुन्याने आम्ल उदासीन होते, सामू वाढतो आणि धातू हायड्रॉक्साइडच्या रूपात गाळ होऊन खाली बसतात. हा गाळ डोंगरावरच्या जुन्या उघड्या खाणीत टाकतात. नदीत जाणारे तांबे, जस्त आणि कॅडमियम यांचे प्रमाण या आणि नंतरच्या कामांमुळे सुमारे ९५ टक्क्यांनी घटले.

वर्गात हे दाखवता येईल. मोरचुदाच्या पातळ द्रावणात चुन्याची निवळी घाला. फिकट निळा साका तयार होईल. तो गाळून घ्या आणि वरच्या पाण्याचा रंग पाहा. द्राक्षबागेत फवारतात ते बोर्डो मिश्रणही याच जोडीचे. मोरचूद विषारी आहे, म्हणून हात धुवायला सांगा आणि उरलेले द्रावण मोरीत ओतू नका.

चुन्याने पाणी स्वच्छ होते, डोंगरातील पायराइट मात्र तसाच राहतो. तो संपेपर्यंत सुमारे ३,००० वर्षे आम्ल झिरपत राहील, असा अंदाज आहे. खाण चालली जेमतेम शंभर वर्षे. तिथला चुना इतकी वर्षे कोणी आणि कोणाच्या पैशाने टाकायचा, हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे जरूर ठेवा.