उलटी बाजू नसलेला शेला

जरीच्या शेल्याचं नाव निघालं की आपण पैठण-येवल्याकडे बोट दाखवतो. खानदेशाने मात्र स्वतःच्या घरचं नाव विसरू नये: बुऱ्हाणपूर.

खानदेशावर राज्य करणाऱ्या फारुकी सुलतानांची गादी आधी थाळनेरला, आजच्या धुळे जिल्ह्यात तापीकाठी होती. पंधराव्या शतकाच्या तोंडावर त्यांनी बुऱ्हाणपूर वसवलं. 1601 मध्ये अकबराने जवळचा असीरगड किल्ला घेतला आणि मोगल दरबार, लष्कर, सावकार यांच्या राबत्याने इथली विणकरी भरभराटीला आली.

फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए याच काळात सुरतेहून नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा या वाटेने बुऱ्हाणपूरला आला. 1676 मध्ये छापलेल्या त्याच्या प्रवासवर्णनात इथल्या झिरझिरीत सुती वस्त्रांची नोंद आहे. फुलं रंगवलेल्या कापडाच्या बायका ओढण्या करत. दुसऱ्या एका जातीच्या कापडात सोन्या-चांदीची पट्टी आणि दोन्ही टोकांना सोनं, चांदी, रेशीम यांची फुलांची वीण असे. त्या विणीला उलटी बाजूच नव्हती, असं तो मुद्दाम सांगतो.

ही कारागिरी हौसेपोटी आलेली नाही. जपानी नवरीच्या उचिकाके या बाहेरच्या झग्याला अस्तर असतं, त्यामुळे रेशमी विणीची पाठ आत दडते. आपला शेला बिनशिवणीचा, बिनअस्तराचा. खांद्यावरून जरा सरकला की पाठ दिसलीच. पैठणीच्या पदरात आजही रंगीत बाणा फुलापुरताच फिरवून शेजारच्या धाग्यात अडकवतात, म्हणून मागे सुटे धागे लोंबत नाहीत.

जरीचं कसब तर याहून नाजूक. चांदीच्या कांबीवर सोन्याचा पत्रा चढवून ती जंतरीच्या लहान लहान होत जाणाऱ्या भोकांतून ओढायची. चांदीबरोबर सोनंही ताणलं जातं, म्हणून केसाएवढ्या तारेवरही मुलामा टिकतो. मग तार चपटी करून रेशमावर गुंडाळली की कलाबतू तयार.

बुऱ्हाणपूरचा हा जरीचा माल होर्मुझ आणि काळ्या समुद्रावरच्या त्राब्झोनमार्गे पार पोलंडला जाई. समुद्राच्या दमट हवेने जर काळवंडली तर व्यापाऱ्याला मोठी खोट बसे, म्हणून बांधणीत फार जपावं लागे.

आज बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशात आहे, रावेरपासून अगदी जवळ. जुनी जर जाळून चांदी काढण्यापायी कितीतरी शेले कायमचे गेले. तुमच्या घरी असा शेला असेल तर मोडीत देण्याआधी धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात एकदा दाखवा.